स्टँडवरचा फ्लेक्स

कॉलेजच्या मॅडम निवडक मुलं घेऊन जर्मनीला अभ्यास दौऱ्यावर निघाल्या होत्या, आणि समीक्षाचं नाव त्यात शिष्यवृत्तीवर आलं. तिच्या वडिलांना, भाऊसोंना, आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी कोरेगावच्या स्टँडवर तिच्या फोटोचा हा एवढा मोठा फ्लेक्स लावला.

तो फ्लेक्स बघूनच कडेगावचं स्थळ आलं. बागायतदार घर, मुलगा फौजेत. त्याची सुट्टी संपायच्या आत लग्न उरकायचं होतं.

"आबा, आन् माझी जर्मनी?" तिनं विचारलं.

"आगं, तुझी निवड झाली, सगळ्या तालुक्यानं बघितली. आता आनि जायाचं कशाला?" भाऊसो अगदी मनापासून म्हणाले. पोरगी का रडतीय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

मॅडमचं विमान उडालं, त्याच दिवशी नवरानवरीची गाडी कडेगावात शिरली. वेशीत नवा कोरा फ्लेक्स झळकत होता. फोटो तोच, कोरेगावच्या स्टँडवरचा. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'जर्मनी दौऱ्यासाठी निवड झालेल्या आमच्या सूनबाईंचं सहर्ष स्वागत!'