दोन रंगांत इंदूबाई

‘‘कागद नश्वर आहे, बेबीताई. आकडा अमर आहे!’’ राइट टाउनमधल्या फोटो स्टुडिओत भय्यासाहेबांनी जाहीर केलं आणि खिशातून सीडी काढली. अमर वस्तू दोनदा लागली नाही. तिसऱ्यांदा स्टुडिओवाल्या बेबीताईंनी ती पदराला पुसली, तेव्हा उघडली.

भय्यासाहेबांच्या पत्नीचा, इंदूबाईंचा, उद्या तेरावा होता. मुलगी शरयू मांडीवर भलीमोठी रिकामी फ्रेम घेऊन बसली होती.

बेबीताईंनी सीडीतला इंदूबाईंचा फोटो फ्रेमच्या मापाचा केला. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन पसरले, अंगणात फरशी बसवावी तसे.

‘‘काकाजी, हे काय करून ठेवलं? एकेका ठिपक्याला दोनच रंग दिले तुम्ही. काळा, नाहीतर पांढरा. मधलं काहीच नाही.’’

‘‘दोन पुरतात. ऑफिसात सगळी कागदपत्रं अशीच स्कॅन करायचो आम्ही. साहेबाची सही कशी साफ यायची! ठिपकेही कमीच ठेवले. अख्खं खानदान एका सीडीत बसलं, वर जागा उरली.’’

‘‘सही वेगळी, चेहरा वेगळा ना जी. चलो, मूळ फोटो आणा. आत्ता करून देते.’’

भय्यासाहेब भिंतीवरच्या फोटोतल्या कुणा नवरा-नवरीकडे बघू लागले.

‘‘अल्बम नर्मदेत सोडले बाबांनी,’’ शरयू म्हणाली. ‘‘आई नको नको म्हणून राहिली होती. तर म्हणे, कपाटात जागा होईल.’’

‘‘अच्छा. मग काय ठेवलं कपाटात?’’

‘‘काही नाही. रिकामंच आहे.’’

‘‘नातेवाइकांकडे असेल की एखादा.’’

‘‘सगळ्यांचे यांनीच मागवून घेतले होते. अमर करायला.’’

बेबीताईंनी एकदा भय्यासाहेबांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. ‘‘यात काकू कुठे आहेत?’’

भय्यासाहेबांनी बोट पुढे केलं. ते एका पांढऱ्या चौकोनावर टेकलं, शेजारच्या काळ्यावर गेलं, परत आलं.

‘‘हा गाल,’’ ते म्हणाले. ‘‘किंवा खिडकी.’’

‘‘लहान करून बघा ना, ताई,’’ शरयू म्हणाली.

बेबीताई लहान करत गेल्या. पोस्टकार्डाएवढा झाला, तरी फरशीच. टपालाच्या तिकिटाएवढा झाला तेव्हा ठिपके एकमेकांत मिसळले, आणि इंदूबाई फोटो काढणाऱ्यावर वैतागल्यासारख्या समोर बघू लागल्या.

शरयूने रिकामी फ्रेम छातीशी धरली.

‘‘बस,’’ भय्यासाहेब म्हणाले. ‘‘एवढाच काढा.’’

‘‘एवढ्या फ्रेममध्ये एवढुशा? लोकांना दिसायच्या नाहीत, काकाजी.’’

‘‘लोकांचं जाऊ द्या. कुंकू काळं आलंय हो तिचं.’’

‘‘एका ठिपक्याला लाल द्यायचा म्हणजे सगळाच फोटो रंगीत करावा लागतो. जागा जास्त खाईल.’’

‘‘खाऊ द्या,’’ भय्यासाहेब म्हणाले. ‘‘कपाट रिकामंच आहे. तुम्ही कुंकू तेवढं लाल करून द्या.’’