न सांडणारा चमचा

तिनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी बनवलेला चमचा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाण्यानं भरला आणि मुद्दाम हात थरथरवला. थेंबही सांडला नाही. “वा! माझ्या म्हातारपणाची सोय झाली,” ते हसले. मग अहवाल चाळताना थांबले. “कंपवाताच्या पेशंटवर वीस दिवसांची चाचणी हवी होती. नोंदी अकराव्या दिवशीच का संपल्या?”

शेजारी बसलेल्या तिच्या मार्गदर्शक मॅडमना कारण ठाऊक होतं. “सांग ना गं,” त्या हळूच म्हणाल्या. पण तो पेशंट म्हणजे तिचे बाबा होते. त्यांचं जाणं मार्कांसाठी सांगायला तिची जीभ रेटेना.

“राहून गेलं, सर.”

“मग पास कसं करू? उरलेले नऊ दिवस पूर्ण करून चोवीस तारखेला या. पेशंट मात्र तोच हवा.”

“हो सर,” ती म्हणाली आणि तारीख लिहून घेतली.