आईच्या हातचं दूध

"थांबा विहीणबाई, तो वाडगा आधी मी तोंडाला लावणार," झैनबू म्हणाली.

तेकबरने उंटिणीच्या दुधाचा वाडगा पुढे केला. "लावा. पण थोडं ठेवा, तुमच्या लेकीसाठीच काढलंय."

धाकट्या लेकीचं, तुतूचं लग्न तोंडावर असताना झैनबू तिला गावी ठेवून थोरल्या सल्काच्या सासरी, नुआकशोत शहरात धावून आली होती. आठ दिवस झाले, ती लेकीच्या उशाशीच पहारा देत होती. महिन्यापूर्वी नवरी म्हणून आली तेव्हा सल्का इतकी जाडजूड होती की तिला उठवायला दोघी लागायच्या. आता ती उभी राहिली की भेलकांडे. घास पोटात टिकत नव्हता.

आमच्या या वाळवंटी मुलखात पोरीची अक्कल कोणी तोलत नाही, अंगावरचं मांस तोलतात. वाळलेली सून माहेरी परत येते. झैनबूला तीच धास्ती होती.

"आई, तुझ्या हातचं दूध सुटलं आणि मी खचतच गेले," सल्का पुटपुटली.

"माझ्या हाताला बरकत आहे, बाळ. यांच्या हातात काय आहे, ते बघतेच."

दुपारी तेकबरचा डोळा लागला. झैनबूने तिच्या पदराची गाठ सोडली. आत पुडी, पुडीत पांढरी पूड.

तेवढ्यात सल्का दारात कोसळली.

इस्पितळात झैनबूने पुडी डॉक्टरीणबाईंपुढे आपटली. "हे घ्या विष! सासूच्या पदरात सापडलं!"

डॉक्टरीणबाईंनी बोट लावून चाखलं. "साखर आहे ही."

"चक्कर आली की तिच्या जिभेवर ठेवते," तेकबर म्हणाली. "तेवढ्याने डोळे उघडते पोर."

"त्यानेच तगली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुई दिलीय, वाचेल. विष नाही बाई. मेंदूखालची ग्रंथी झोपलीय. तिची हाक नाही, म्हणून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही गप्प. जाड व्हायच्या गोळ्या बरेच महिने घेऊन एकदम सोडल्या की असं होतं. जीवही जातो."

"मी कधीच गोळी गिळली नाही," सल्का म्हणाली.

"कुटून घालतात कशात तरी. कोण घालत होतं?"

"सासूला विचारा!" झैनबू ओरडली.

तिचा फोन वाजला. तो कायम स्पीकरवर असे. तुतूचा रडवेला आवाज खोलीभर झाला.

"आई, कधी येतेस गं? आठ दिवस तुझ्या हातचं दूध नाही, मला तर उभंही राहवेना."