अँटेनाचं तोंड

"गेलं, खुशालभाऊ, चित्र गेलं!" सुकलू शिपायानं खिडकीतून मान बाहेर काढून वर आवाज दिला.

ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या नाचत होत्या. रविवार सकाळचं काम टाकून जमलेलं गाव करवादलं. पुढे बसलेली गुणा तेवढी गप्प होती. आज मालिकेचा शेवटचा भाग. आणि छतावर अँटेना धरून उभा होता तो तिचाच नवरा, खुशाल.

मालिका अंतराळाची होती. एका बाईचा मुलगा यानातून जातो आणि यानच हरवतं. मोठमोठे शास्त्रज्ञ सांगतात, तो गेला, आता नाद सोडा. बाई सोडत नाही. मुलगा गेला त्याच आभाळाकडे ती आपली घराएवढी अँटेना फिरवते, त्याला हाक मारते आणि कान देऊन बसते. गावातल्या पोरांना यान आवडायचं. गुणाला ती बाई आवडायची.

गुणाची चंदा दोन उन्हाळ्यांमागं मोहफुलं वेचायला जंगलात गेली, ती परत आलीच नाही. आठ वर्षांची पोर. गावानं सगळं रान पालथं घातलं, पण फ्रॉकची चिंधीही सापडली नाही. लोक वाघाचं नाव घ्यायचे, पण गुणासमोर नाही. त्या बाईला मुलगा मिळाला तर आपली चंदाही कुठंतरी असेल, असं गुणानं मनाशी धरून ठेवलं होतं. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून करायचं काय?

खुशालची तऱ्हाच न्यारी. पोर गेली तेव्हा तो रडला नाही, नंतर तिचं नावही काढलं नाही. म्हणून गुणानंही त्याला 'चंदाचे बाबा' म्हणणं सोडून दिलं होतं. दर रविवारी टीव्ही लागला, की हा आपणहून शिडी चढायचा. मालिकेचा एकही भाग त्यानं पाहिला नव्हता. घरी जाताना गुणा सगळी कथा सांगायची आणि तो नुसता 'हं' म्हणायचा. भिंतीशी बोललेलं बरं, असं तिला वाटायचं. त्यात मालिकेतली ती बाई हाक मारायला लागली, की नेमकं चित्र जायचं. विचारलं तर म्हणायचा, वारा होता.

आज तर बाईनं हाक मारली आणि यंत्रातून बारीकसा आवाज आला होता. मुलाचा की नुसतीच खरखर, ते कळायच्या आत मुंग्या आल्या.

गुणा उठली. पदर खोचून शिडी चढली. दोन वर्षांचा राग तिच्या पायांत आला होता.

वर खुशाल पाठमोरा उभा होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. चंद्रपूर दक्षिणेला, टीव्ही तिकडच्या टॉवरवरूनच दिसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अँटेनाचं तोंड उत्तरेला होतं. जंगलाकडे.

"काऊन फिरवली तिकडं?" गुणा म्हणाली. "चंद्रपूर इकडं हाये ना."

खुशालनं वळून पाहिलं नाही.

"तूच सांगत होती ना मले. पोरगं जिकडं गेलं, तिकडंच फिरवते म्हणून ते बाई." त्याचा आवाज चिरकला. "असं काई येत नाई, समजते मले. पण ते बाई खाली टीव्हीत हाक मारते, तं मले राहवत नाई."

म्हणजे हा माणूस दर रविवारी गुणाचं सगळं ऐकत होता.

"भाऊ, फिरवा ना लवकर!" खालून सुकलू ओरडला. "संपून राह्यलं! पोरगं भेटते का नाई, थे तं पाहू द्या!"

खुशालनं डोळे पुसले आणि अँटेनाचा पाइप चंद्रपूरकडे वळवायला घेतला. गुणानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या, चंदाचे बाबा," ती म्हणाली. मग तिनंही पाइप धरला. "जराशी नाल्याच्या बाजूनं घ्या. तिकडूनच गेली होती ना आपली पोरगी."