शिडीपाशी हसणारा माणूस

"मोजा काढा आधी. साहेबांना बघू दे," बायको म्हणाली, तसा विमानतळावरच्या शिडीवाल्याने भर दुपारी, वर्तमानपत्राच्या कचेरीत, फोटोग्राफरसमोरच्या स्टुलावर उजवा पाय ठेवला. अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला होता.

फोटोग्राफरने अंगठा पाहिला, मग वर तोंडाकडे पाहिलं. हे तोंड चार दिवस सगळा देश बघत होता. युद्ध हरून, तहावर सही करून राष्ट्राध्यक्ष विमानाने परतले, तो फोटो त्यानेच काढलेला. ते शेवटच्या पायरीवर उभे आहेत, डोकं उघडं, मान खाली. मागे मंत्री, अधिकारी, सगळ्यांचे चेहरे सुतकी. आणि शिडीचा दांडा धरून एक माणूस बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसतोय.

"मी हसत नव्हतो हो," शिडीवाला म्हणाला. "अंगठ्याची कळ दाबत होतो."

त्याचं असं झालं होतं. शिडी विमानाला लावली की चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, हा नियम. पण ठोकळा घालेपर्यंत शिडी दोन बोटं पुढे जाते आणि विमानाला पोचा पडतो. म्हणून सगळे शिडीवाले बुटाचं टोक चाकाला लावून शिडी थोपवतात, मग पाय काढून ठोकळा घालतात. तो वीस वर्षं हेच करत होता. त्या दिवशी मुकादमाची गाळण उडालेली. पाय निघायच्या आधीच त्या शहाण्याने शिडी पुढे रेटली आणि ब्रेक दाबला, चाक बुटावर चढून तिथेच अडकलं, आणि वर विमानाचं दार उघडलं.

"ओरडायचं नाही का?" फोटोग्राफरने विचारलं.

"हूं की चूं करायचं नाही, असा हुकूम होता. एकवीस पायऱ्या, साहेब! आणि ते काय भराभर उतरतायत? एकेका पायरीवर थांबत थांबत. देशाचा भार त्यांच्या डोक्यावर, आणि त्यांचा माझ्या अंगठ्यावर."

बोलता बोलता त्याच्या ओठांचे कोपरे जरासे हलले. बायकोने लगेच कोपर मारलं. "तोंड सांभाळा! याच तोंडाने घात केलाय." मग फोटोग्राफरकडे वळून म्हणाली, "माझा भाचा त्या लढाईत गेला. यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं पोर. हे हसतील? आणि लोक आमच्या दारावर शेण मारून जातात."

उद्या अकरा वाजता चौकशी होती. चाकाखाली पाय घातला असं कबूल केलं, तर नियम मोडला म्हणून नोकरी जाणार. नाही सांगितलं, तर राष्ट्राध्यक्षांना हसला म्हणून जाणार. मुकादमाने तर आपण त्या दिवशी शिडीजवळ नव्हतोच, असं लिहून दिलं होतं.

"नियम मोडला म्हणून गेली तर जाऊ दे," शिडीवाला म्हणाला. "पण हसला म्हणून नको. छापलाय तो अर्धाच फोटो असेल ना? पुऱ्या फोटोत पाय दिसत असेल. चाकाखालचा."

फोटोग्राफरने निगेटिव्हची पट्टी खिडकीवर धरली आणि भिंग दिलं. दोघं आळीपाळीने वाकून बघू लागली. अकरा फोटो होते. दहांमध्ये शिडीवाला कुणाच्या ना कुणाच्या मागे झाकला गेलेला. अकरावा तोच. त्यात विमानाचं दार यावं म्हणून फोटोग्राफरने कॅमेरा वर उचलला होता, आणि सगळी माणसं गुडघ्यापाशी कापली गेली होती.

"पाय नाहीतच," बायको म्हणाली.

"पाय कोण घेतं फोटोत," असं फोटोग्राफरच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. या फोटोसाठी सकाळीच संपादकाने त्याची पाठ थोपटली होती. तो घाईघाईने म्हणाला, "असं करू. तुमचा एक नवा फोटो काढतो. दुःखी चेहऱ्याचा. खाली खरी हकिकत लिहू. उद्या सकाळी छापून आणायचं माझ्याकडे लागलं."

शिडीवाल्याला खिडकीपाशी बसवलं. त्याने केस सारखे केले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दुःखी व्हायला सुरुवात केली. ते काही जमेना. कधी तो रागावल्यासारखा दिसे, कधी नुसताच भुकेला. एकदा तर त्याने डोळे मिटून घेतले. फोटोग्राफरने चार वेळा कॅमेरा डोळ्याला लावला आणि चार वेळा खाली घेतला.

"अहो, भाच्याचं आठवा ना," बायको कुजबुजली.

"आठवतोच आहे! तू बोलू नकोस मधे."

पण बायकोला राहवेना. "तुम्हाला सांगणार नव्हते," ती म्हणाली. "धाकटी कालपासून शाळेत जात नाहीये. वर्गात फोटो लावलाय म्हणे भिंतीला. काल रात्री मला विचारत होती, दादा गेला तेव्हा बाबांना आनंद झाला का गं?"

शिडीवाल्याने एकदा तिच्याकडे बघितलं. मग त्याचा बांधच फुटला. खांदे गदगदायला लागले, छातीतून कसला तरी आवाज यायला लागला, आणि चार दिवस कळ दाबून धरलेला तो माणूस भरल्या कचेरीत ओक्साबोक्शी रडू लागला.

फोटोग्राफरने झटकन कॅमेरा डोळ्याला लावला.

कॅमेऱ्याच्या काचेत आवाज येत नव्हता. नुसता चेहरा होता. गाल वर चढलेले, डोळे बारीक झालेले, आणि बत्तीसच्या बत्तीस दात.

फोटोग्राफरचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"काढा ना, साहेब," बायको डोळे पुसत म्हणाली. "आता तर ते खरंच रडतायत."