विसरभोळं मशिन

मयूरीनं चौथ्यांदा कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पडदा उजळेपर्यंत श्वास धरून ठेवला. पडदा उजळला, पण तिनं मांडलेल्या चार खिडक्यांपैकी एकीचाही पत्ता नव्हता.

"मेल्या, डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?" ती मशिनवर करवादली.

उंब्रजच्या या हायवेवरच्या दवाखान्यात रक्तदात्यांची यादी वहीतून मशिनवर आणायचं काम तिचं. रक्तगटागणिक एक फोल्डर, त्यात माणसागणिक एक फाईल, फाईलला त्याचंच नाव आणि गाव. चारही फोल्डर पडद्यावर आपापल्या खिडकीत उघडे मांडले की नुसतं वाचायचं, कशाला हात लावायला नको. कारण सकाळी सात ते नऊ, मयूरी कराडहून येईपर्यंत, मंगल सिस्टर एकट्या असायच्या, आणि त्या माउसला विंचवागत भ्यायच्या. व्होल्टेजचा भरवसा नाही म्हणून रात्री मशिन बंद ठेवायचा डॉक्टरांचा दंडक. झालं, संध्याकाळी मांडलेलं सकाळी गायब! सोमवारी अपघातात सापडलेल्या केरबा ड्रायव्हरला रक्त मिळायला पाऊण तास गेला. वाचला बिचारा, पण नशिबानं.

"उद्या सातला मी स्वतः उभा राहणार," डॉक्टर शरच्चंद्र दुपारी म्हणाले होते. "सिस्टरनी बटण दाबल्यावर नावं दिसली नाहीत, तर पुन्हा वह्या काढू. मग तुमचंही इथं काम उरत नाही, मयूरी." आवाज चढवला नव्हता, म्हणूनच ते खरं वाटलं.

तिनं सांगलीला अनीशला फोन लावला. मशिन त्यानंच बसवलेलं. "आपोआप लक्षात ठेवतं ते, मॅडम. आमच्याकडे तर ठेवतं," म्हणाला आणि मोकळा झाला.

पाचवा प्रयत्न. तिनं चारही खिडक्या उघडल्या, हारीनं मांडल्या. मग नेहमीसारख्या एकेक करून मिटल्या. फुली, फुली, फुली, फुली.

फरशी पुसणारी रंगुबाई थांबली. दवाखाना उघडल्यापासूनची मावशी ती. "आवं ताई, येवढं मांडलं आन् मोडलं कशाला?"

"बंद करण्याआधी सगळं आवरायचं असतं, मावशी. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं. चपला बाहेर, हात स्वच्छ, आणि एकही खिडकी उघडी टाकून उठायचं नाही."

"आमी बी रातच्याला चूल आवरतोच की. पर निखारा राखंत झाकून ठेवतो. समदंच इझवलं तर सकाळी इस्तू मागाय शेजारणीच्या दारात जावं लागतंय."

मयूरीचा हात माउसवरच थांबला.

तिनं खिडक्या पुन्हा उघडल्या आणि तशाच ठेवून मशिन बंद केलं. उष्टी ताटं टाकून उठल्यासारखी लाज वाटली तिला. पुन्हा बटण. घरघर. एक खिडकी आली. दुसरी. तिसरी. चौथी काही येईना. मयूरीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. मग तीही आली.

सकाळी पहिल्या एसटीनं येऊन ती कोपऱ्यात उभी राहिली. रात्री बंद करताना चुकून एखादी मिटली तर नसेल? मंगल सिस्टरनी हात जोडून बटण दाबलं. चारही याद्या जिथल्या तिथं.

"अर्जुना, मसूर," सिस्टरनी मोठ्यानं वाचलं. "नाथाजी, तळबीड." त्यांचा आवाज वाचता वाचता धीट होत गेला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय बिघडलं होतं?"

मशिनवर ढकलणं सोपं होतं. शब्द अगदी ओठांवर आलेही होते.

"मशिनचं काही नाही, सर. मीच रोज खिडक्या मिटून सगळं विझवून जात होते."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दाराशी फडकं पिळणारी रंगुबाई मान वर न करता म्हणाली, "नवी सून हाय, सायेब. शिकंल."