गावाचा रकाना

तोफा, घड्याळाचा मनोरा, गुलामांचा बाजार भरायचा तो चौक, सगळं दाखवून झाल्यावर म्हातारा गाइड आम्हाला धक्क्यावरच्या जुन्या गोदामात घेऊन गेला. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या त्या शहरात उसाच्या मळ्यांसाठी आणलेले हिंदुस्थानी मजूर इथंच उतरायचे.

काचेखाली नोंदवही होती. एका ओळीवर बोट ठेवून तो इंग्रजीत म्हणाला, "हे माझे खापरपणजोबा. आणि हे त्यांचं गाव. आयुष्यभर शोधतोय, कुणालाच माहीत नाही. तुम्ही मुंबईकडचे ना? त्यांची बोट तिथूनच सुटली होती."

गावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं. "कळत नाही."

नोंद घेणाऱ्या साहेबाने इंग्रजीत गाव विचारलं असणार. खापरपणजोबांनी खरं तेच सांगितलं, आणि साहेबाने ते लिहून घेतलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अगदी असंच म्हणायची माझी आजी! म्हणजे आहे ते गाव!" त्याने माझे दोन्ही हात धरले. "वडिलांच्या अस्थी अकरा वर्षं घरात ठेवल्यात. गावच्याच नदीत सोड म्हणाले होते. नदी आहे ना तिथं?"